इलेक्ट्रिक गिटार घेताना: दोनशे डॉलर आणि अडीच हजार डॉलर यांत फरक कशाचा?

थँक्सगिव्हिंग जवळ आलं की माझ्या फोनवर एक ठरावीक निरोप येऊ लागतो. कुणाच्या तरी चौदा-पंधरा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला इलेक्ट्रिक गिटार हवी असते, सेल दोन दिवसांवर आलेला असतो आणि "तू फिजिक्सवाला, शिवाय वाजवतोसही, तर यातली कुठली घेऊ ते सांग बरं" असं म्हणून तीन लिंका पाठवलेल्या असतात. एक गिटार सव्वादोनशे डॉलरची, दुसरी आठशेची, तिसरी अडीच हजारांच्या वर. फोटोत तिघी सख्ख्या बहिणी दिसतात. स्वस्तातली घेतली तर पोराचा उत्साह मावळेल, महागातली घेतली आणि ती महिन्याभरात क्लॉझेटमध्ये गेली तर पैसे गेले, अशी आई-बाबांची कोंडी होते. गेल्या आठवड्यात असे दोन निरोप आले, म्हणून या वेळी उत्तर सविस्तर लिहून काढतोय. थोडं भौतिकशास्त्र समजून घेतलं तर जाहिरातीतल्या बऱ्याच शब्दांकडे निर्धास्तपणे काणाडोळा करता येतो.

आवाज येतो कुठून?

आधी सतार किंवा तंबोरा डोळ्यांसमोर आणा. तार इतकी बारीक असते की तिला स्वतःला हवा फारशी ढकलताच येत नाही. ती घोडीला हलवते, घोडी तबलीला, आणि तबलीचा मोठा पृष्ठभाग हवेला. म्हणून मिरजेचे कारागीर भोपळा निवडण्यात, वाळवण्यात आणि लाकूड तासण्यात एवढा जीव ओततात. (मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकनही मिळालं.) ॲकूस्टिक गिटार याच कुळातली. तिथे लाकूड म्हणजेच आवाज.

इलेक्ट्रिक गिटारमध्ये ही साखळी मुद्दाम तोडलेली आहे. वायर न जोडता वाजवली तर बंद दाराआडून कुणी कुजबुजतंय इतपतच ऐकू येतं. खरं काम तारांखाली बसवलेला पिकअप करतो. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसापेक्षा बारीक तांब्याच्या तारेचे सात-आठ हजार वेढे. चुंबकामुळे वरच्या पोलादी तारेचा तेवढा तुकडाही थोडासा चुंबकीय होतो. तार हलली की वेटोळ्यातून जाणारं चुंबकीय क्षेत्र बदलतं, आणि क्षेत्र बदललं की व्होल्टेज निर्माण होतं. हा फॅरेडेचा १८३१ मधला शोध, शाळेत आपण सगळ्यांनी घोकलेला. नायलॉनच्या तारा लावल्या तर पिकअपला काहीच ऐकू येणार नाही, कारण त्याला हवेचं किंवा लाकडाचं काही देणंघेणं नाही. त्याला फक्त पोलाद हललेलं कळतं, आणि तेही किती वेगाने हललं एवढंच.

पहिली चाललेली रचना लॉस एंजेलिसमध्ये १९३१ च्या सुमारास जॉर्ज बीचम आणि ॲडॉल्फ रिकनबॅकर यांनी केली. ॲल्युमिनियमची, गोल पोटाची आणि लांब दांड्याची, म्हणून तिचं नावच पडलं फ्राइंग पॅन. पेटंटसाठी अर्ज १९३४ मध्ये झाला आणि ते मिळालं १९३७ मध्ये. ती मांडीवर आडवी ठेवून तारांवर पोलादी कांडी सरकवत वाजवायची हवाईयन गिटार होती. आपल्याकडे व्हॅन शिपली आणि हजारासिंग यांच्या रेकॉर्डवर हिंदी सिनेमाची गाणी ज्या वाद्यावर वाजली, ते याच घराण्यातलं. तेव्हा इलेक्ट्रिक गिटार म्हणजे फक्त रॉकवाल्यांचं खूळ, असं आजी-आजोबा म्हणाले तर त्यांना ती रेकॉर्ड ऐकवा.

एक वेटोळं की दोन

दुकानात पहिला प्रश्न ब्रँडचा नसावा, पिकअपचा असावा. मुख्य प्रकार दोनच आहेत.

पहिला सिंगल कॉइल. लिओ फेंडर या कॅलिफोर्नियातल्या रेडिओ दुरुस्त करणाऱ्या माणसाने (त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती) १९५० नंतर जी टेलिकास्टर आणि १९५४ मध्ये जी स्ट्रॅटोकास्टर बाजारात आणली, त्यांत हेच पिकअप असतात. आवाज स्वच्छ, टोकदार, काचेसारखा. पण हजारो वेढ्यांचं वेटोळं तारेचं हलणं टिपतं, तसंच घरातल्या ट्रान्सफॉर्मरचं, डिमरचं आणि भिंतीतल्या वायरिंगचं चुंबकीय क्षेत्रही टिपतं. मग वाद्य नुसतं हातात धरलं तरी स्पीकरमधून गुणगुणाट येत राहतो. अमेरिकेत वीज ६० हर्ट्झची, त्यामुळे हा गुणगुणाट बी फ्लॅट आणि बी या दोन स्वरांच्या जवळजवळ बरोबर मधोमध पडतो, म्हणजे कुठल्याच पट्टीत सुरेल नाही. भारतात ५० हर्ट्झ असल्याने तो जी च्या थोडा वर असतो. इतकाही सुरेल नाही, पण जरा बरा.

दुसरा प्रकार हम्बकर. गिब्सन कंपनीतल्या सेथ लव्हर या अभियंत्याने १९५५ मध्ये याच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि १९५७ पासून हे पिकअप लेस पॉल गिटारवर दिसू लागले. युक्ती इतकी सोपी आहे की ती आपल्याला का सुचली नाही असं वाटावं. शेजारी शेजारी दोन वेटोळी घ्यायची, एकाचे वेढे दुसऱ्याच्या उलट दिशेने आणि एकाचा चुंबकही उलटा. बाहेरच्या गुणगुणाटाला चुंबकाशी मतलब नसतो. तो दोन्ही वेटोळ्यांत सारखाच शिरतो आणि वेढे उलट असल्याने एकमेकांना छेद देऊन नाहीसा होतो. तारेचा सिग्नल मात्र चुंबकामुळे एकदा उलटतो, वेढ्यांमुळे पुन्हा उलटतो, म्हणजे सरळ होऊन त्याची बेरीज होते. वजा गुणिले वजा बरोबर अधिक.

मग सगळ्यांनी हम्बकरच का घेऊ नये? कारण आवाज वेगळा येतो. दोन वेटोळी तारेचे दोन शेजारचे बिंदू ऐकतात आणि त्यांची बेरीज करताना अगदी बारीक लहरी काही प्रमाणात पुसल्या जातात. आवाज जाड, गोलसर होतो. काहींना तो हवासा वाटतो, काहींना बोथट.

इथे पोराला काय ऐकायला आवडतं ते विचारायलाच हवं. मेटल किंवा हार्ड रॉक असेल तर हम्बकर. कारण त्या संगीताचा पाया डिस्टॉर्शन आहे, म्हणजे सिग्नल इतका वाढवायचा की लहरींचे माथे छाटले जातील. मोठा आवाज एका पातळीवर अडतो आणि लहान आवाज त्याच्या बरोबरीला येतो. गुणगुणाट हा असाच एक लहान आवाज, त्यामुळे डिस्टॉर्शनमध्ये तो बेसुमार फुगतो.

डिस्टॉर्शनचा आणखी एक परिणाम मला फार आवडतो. माथे छाटले की दोन स्वर एकत्र वाजवताना त्यांच्या वारंवारतांच्या वजाबाकीचा तिसरा स्वर जन्माला येतो. सा आणि प वाजवले तर गुणोत्तर साधारण ३:२, वजाबाकी सा च्या निम्मी, म्हणजे खालच्या सप्तकातला सा. तो सुरात बसतो (गिटारचा पंचम किंचित उतरलेला असतो, पण हा तिसरा स्वर त्यामुळे फक्त सहा सेंट खाली येतो, कानाला चालून जातं; एका अर्ध्या स्वराचे १०० सेंट धरतात). आता सा आणि ग घ्या. शुद्ध गंधाराचं गुणोत्तर ५:४, म्हणजे ३८६ सेंट. गिटारचा गंधार पेटीसारखाच ४०० सेंटवर बसवलेला असतो, चौदा सेंट चढा. एरवी कान हे खपवून घेतो, पण वजाबाकीच्या स्वरात ही चूक मोठी होऊन सुमारे ६७ सेंट होते, अर्ध्या स्वराच्या दोन तृतीयांश! म्हणून रॉकवाले डिस्टॉर्शन लावून फक्त सा-प दाबतात आणि त्यालाच पॉवर कॉर्ड म्हणतात. गंधार टाकला की चिखल होतो.

पोराला ब्लूज, फंक, पॉप, किंवा हिंदी गाण्यांची स्वच्छ साथ आवडत असेल तर सिंगल कॉइल. आणि आज एक, उद्या दुसरं असं असेल, जे त्या वयात स्वाभाविकच आहे, तर घोडीजवळ एक हम्बकर आणि पुढे दोन सिंगल कॉइल अशी मिश्र रचना मिळते. यामाहा पॅसिफिका मालिकेत ती बरीच वर्षं आहे. ज्यांना काहीच ठरवता येत नाही त्यांना मी तीच सुचवतो.

पिकअप कुठे बसवलाय यालाही अर्थ आहे. तार एकाच वेळी मूळ स्वरात आणि त्याच्या दुप्पट, तिप्पट, चौपट उपस्वरांत हलत असते, आणि प्रत्येक उपस्वराचे काही स्थिर बिंदू असतात. स्ट्रॅटोकास्टरचा पुढचा पिकअप घोडीपासून तारेच्या साधारण एक चतुर्थांश अंतरावर येतो. मोकळी तार छेडली तर चौपट उपस्वराचा स्थिर बिंदू नेमका तिथेच, म्हणून तो उपस्वर त्या पिकअपला जवळजवळ ऐकूच येत नाही आणि आवाज बासरीसारखा गोल लागतो. घोडीजवळचा पिकअप सगळेच उपस्वर ऐकतो म्हणून तो चरचरीत. याच प्रकारचा एक नियम छेडण्याच्या जागेलाही लागू आहे: ज्या उपस्वराच्या स्थिर बिंदूवर तार छेडाल, तो उपस्वर उमटत नाही. तंबोऱ्यात आणि वीणेत जवारीच्या रुंद, वक्र घोडीमुळे हा नियम चक्क मोडतो, हे सी. व्ही. रामन यांनी कलकत्त्यात १९२१ मध्ये दाखवून दिलं होतं. गिटारच्या घोडीवर तार धारेवर टेकते, तिथे जवारी नाही, त्यामुळे गिटार नियम पाळते.

केबलसुद्धा वाद्याचा भाग आहे

पिकअपचं वेटोळं म्हणजे विजेच्या भाषेत इंडक्टन्स, आणि त्याला जोडलेली केबल म्हणजे कपॅसिटन्स. दोन्ही मिळून एक रेझोनन्स, म्हणजे अनुस्पंदन तयार होतं. एका ठरावीक वारंवारतेला उठाव मिळतो आणि त्याच्या वरचं सगळं झपाट्याने कमी होतं. नेहमीचे आकडे घालून पाहू. सिंगल कॉइलचा इंडक्टन्स २.५ हेन्री, केबलचा कपॅसिटन्स मीटरला १०० पिकोफॅरड, पाच मीटरची केबल, आणि पिकअपचे स्वतःचे १०० पिकोफॅरड. उत्तर येतं सुमारे ४,१०० हर्ट्झ. कानाला तीक्ष्णता जाणवते ती साधारण याच भागात. आता केबल दहा मीटर करा, उठाव ३,००० हर्ट्झवर घसरतो. साडेचार हेन्रीचा हम्बकर पाच मीटरच्या केबलवर लावा, तरी उत्तर तेच: ३,००० च्या आसपास. म्हणजे लांबलचक केबल लावून सिंगल कॉइलचा चमकदारपणा तुम्ही फुकटात घालवू शकता. लाकडाची जात बदलून एवढा फरक पाडणं कुणालाही जमणार नाही.

इथूनच आणखी एक व्यावहारिक मुद्दा निघतो. "घरात चांगला म्युझिक सिस्टिम आहे, त्यालाच जोडली तर?" असं बाबालोक हमखास विचारतात. त्या वरच्या वारंवारतांना पिकअपचा अडथळा पन्नास-साठ हजार ओहमच्या घरात असतो. गिटार ॲम्पच्या तोंडाशी दहा लाख ओहम असतात, म्हणून सिग्नल शाबूत राहतो. म्युझिक सिस्टिमच्या लाइन-इनला बहुधा दहा हजारांच्या आसपास असतात. वरचे स्वर तिथेच गळून पडतात आणि गिटार गोधडीखालून वाजल्यासारखी येते. शिवाय गिटार ॲम्पचा स्पीकर ५,००० हर्ट्झच्या वर जवळजवळ मुका असतो आणि ते सोयीचंच आहे, कारण डिस्टॉर्शनमधला मधमाश्यांच्या पोळ्यासारखा किरकिराट तिथेच राहतो. थोडक्यात ॲम्प हा निम्मा आवाज आहे. पाचशे डॉलर हातात असतील तर मी तीनशेची गिटार, एकशेतीसपर्यंतचा हेडफोनचं भोक असलेला छोटा डिजिटल ॲम्प आणि उरलेले सत्तर गिटार नीट लावून घ्यायला, अशी वाटणी करतो. चारशे ऐंशीची गिटार आणि वीस डॉलरचा खेळण्यातला ॲम्प हा सगळ्यात वाईट सौदा. अपार्टमेंटमध्ये राहत असाल तर हेडफोनचं महत्त्व शेजारी तुम्हाला समजावतीलच.

लाकडाची गोष्ट

जाहिरातीत सगळ्यात जास्त शब्द लाकडावर खर्च होतात. आल्डर उबदार, ॲश चमकदार, महोगनी गडद. भरीव गिटारच्या बाबतीत मला हे फारसं पटत नाही, पण "लाकडाचा काहीच संबंध नाही" हेही खरं नाही. तार दोन टोकांना बांधलेली असते आणि टोकं पूर्ण स्थिर नसतील तर तिथून तिची ऊर्जा गळते. १९९० च्या दशकाच्या अखेरीस जर्मनीत हेल्मुट फ्लायशर आणि टिलमान त्स्विकर यांनी हे मोजलं. घोडीकडून गळती थोडी होती, खरी गळती मानेकडून, म्हणजे दांडीकडून होती. दांडीची स्वतःची काही कंपनं असतात. एखाद्या पडद्यावरचा स्वर नेमका त्या कंपनाशी जुळला तर दांडी तारेची ऊर्जा पिऊन टाकते आणि तो स्वर लवकर मरतो. याला डेड स्पॉट म्हणतात. बेस गिटारवर पहिल्या, म्हणजे सर्वांत बारीक जी तारेवर, पाचव्या ते सातव्या पडद्याच्या आसपास तो अनेकदा भेटतो. म्हणजे लाकूड प्रामुख्याने आवाज कमी करतं, आणि कुठे किती कमी करेल हे जातीच्या नावावरून सांगता येत नाही, ते त्या एका नगावर वाजवूनच कळतं.

लाकडाची जी गोष्ट मला खरंच महत्त्वाची वाटते ती आपल्या अंगणातली आहे. फिंगरबोर्डासाठी वापरलं जाणारं इंडियन रोझवूड म्हणजे आपलं शिसवी, पश्चिम घाटातलं. आजोळच्या देव्हाऱ्याचं आणि पाटांचं लाकूड. टेनेसीतल्या गिब्सन कंपनीवर अमेरिकी वन्यजीव खात्याने २००९ आणि २०११ मध्ये छापे घातले. पहिला मादागास्करच्या एबनीसाठी, दुसरा भारतातून आलेल्या रोझवूड आणि एबनीच्या पट्ट्यांसाठी. ऑगस्ट २०१२ मध्ये तडजोड झाली आणि कंपनीने तीन लाख डॉलर दंड भरला. भारतीय पट्ट्यांबाबतचे नियम पुरेसे स्पष्ट नाहीत, हे मात्र त्या करारात मान्य केलं गेलं. पुढे जानेवारी २०१७ पासून रोझवूडच्या सगळ्या जातींच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आले, आणि मेक्सिकोत बनणाऱ्या फेंडर गिटारींवर रोझवूडऐवजी पाव फेरो नावाचं दक्षिण अमेरिकी लाकूड दिसू लागलं. नोव्हेंबर २०१९ मध्ये तयार वाद्यांना सूट मिळाली (ब्राझिलियन रोझवूड सोडून). त्यामुळे २०१८ ची सेकंड हँड गिटार पाव फेरोची निघाली तर तिला कुणी दुय्यम म्हणेल, तुम्ही किंमत पाडून घ्या. वाजवताना फरक कळणार नाही.

बोटांचा प्रश्न

मुलं गिटार सोडतात ती आवाजामुळे क्वचितच. बोटं दुखतात, स्वर बेसूर लागतात आणि आपल्यालाच जमत नाही असं त्यांना वाटतं. म्हणून निवडीचा निम्म्याहून जास्त भार मी या भागावर टाकतो.

तारेचा ताण तिची जाडी, लांबी आणि स्वर यांवर ठरतो. फेंडर पद्धतीच्या गिटारवर तारेची लांबी २५.५ इंच, म्हणजे ६४८ मिलिमीटर. गिब्सन पद्धतीवर २४.७५ इंच. सगळ्यात बारीक तार इंचाच्या दहा हजारांश, छे, दहा सहस्रांश जाडीची घेतली (दुकानात तिला नुसतं "टेन" म्हणतात) तर फेंडरवर ताण सुमारे ७.४ किलो येतो आणि गिब्सनवर ७.० किलो. सहा टक्क्यांचा फरक. त्यासाठी गिटार बदलण्यापेक्षा तार बदला: टेनऐवजी नाइन लावली तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होऊन सहा किलोवर येतो, एकोणीस टक्के कमी. तारांच्या जुडीला सात-आठ डॉलर पडतात. सहाही तारांचा ताण मिळून पंचेचाळीस किलोच्या घरात जातो, म्हणजे ती दांडी चोवीस तास एक मोठा माणूस नाही तरी शाळकरी मुलगा पेलून उभी असते. तिच्या आत एक पोलादी सळी असते आणि ती फिरवून दांडीचा बाक कमी-जास्त करता येतो.

पडद्यांची जागा गणिताने ठरते. उरलेल्या लांबीच्या १७.८१७ व्या भागावर पुढचा पडदा, असं बारा वेळा केलं की तार बरोबर निम्मी होते. पूर्वीचे कारागीर सोयीसाठी अठरावा भाग घेत. हा नियम ज्याने लिहून ठेवला तो व्हिन्चेंझो गॅलिली, दुर्बीणवाल्या गॅलिलिओचा बाप. अठराने बारा पावलं टाकली की सप्तक साडेबारा सेंट कमी भरतं. आजकाल पडद्यांच्या खाचा संगणकावर चालणारी यंत्रं पाडतात, त्यामुळे स्वस्त गिटारमध्येही जागा चुकत नाहीत. चुकतं ते पुढचं, हाताने करायचं काम: पडद्यांची उंची सारखी करणं, टोकं घासून गोल करणं, तार किती उंच ठेवायची ते ठरवणं.

हे दुकानात तपासायला कुठलंही हत्यार लागत नाही, खिशातली चिल्लर पुरते. बाराव्या पडद्यावर बारीक तारेखाली पेनी सरकवून पाहा. पेनी साधारण दीड मिलिमीटर जाड असते, ती जेमतेम बसली तर तारेची उंची चांगली. जाड तारेखाली निकेल, दोन मिलिमीटरला किंचित कमी. दोन्ही नाणी ढिली फिरत असतील तर बोटं दुखणार. मग जाड तार पहिल्या आणि शेवटच्या पडद्यावर एकदम दाबा आणि सातव्या पडद्यापाशी फट बघा: व्हिजिटिंग कार्डाएवढी असावी. फोनवर ट्यूनर उघडून बाराव्या पडद्यावर बोट नुसतं टेकवून येणारा उपस्वर आणि तिथेच दाबून येणारा स्वर जुळतात का ते पाहा. दोन-चार सेंटचा फरक स्क्रू फिरवून जातो. मग कंटाळा न करता प्रत्येक तार प्रत्येक पडद्यावर एकदा वाजवा, कुठे खरखर होते, कुठे स्वर चटकन मरतो ते ऐका. सहा तारा गुणिले एकवीस-बावीस पडदे, पाच मिनिटं लागतात. स्वर थरथरत, दोन सुरांत भांडल्यासारखा येत असेल तर घाबरू नका. सिंगल कॉइलचे चुंबक तारांच्या फार जवळ आलेले असतात आणि तारेला ओढत असतात; पिकअप दोन वळसे खाली घेतला की थांबतं.

यातल्या उंची, बाक आणि स्वर जुळवणं या गोष्टी कुठलाही चांगला गिटार दुरुस्त करणारा साठ ते शंभर डॉलरमध्ये लावून देतो. डेड स्पॉट, वाकडी-पिळलेली दांडी आणि झिजलेले पडदे हे मात्र गिटार परत ठेवून द्यायचं कारण.

मग किंमत कशाची? माझा अंदाज असा. दोनशेवरून साडेचारशेवर गेलात (स्क्वायर, एपिफोन, यामाहा, आयबानेझ यांच्या वरच्या मालिका) तर पडद्यांचं काम, खुंट्या आणि पिकअप यांत फरक बोटांना कळतो. साडेचारशेवरून आठशेवर गेलात तर थोडा. आठशेच्या पुढे मुख्यतः मजुरीचा दर, फिनिश आणि डोक्यावरचं नाव. फेंडरचा मेक्सिकोतला कारखाना एन्सेनाडात आणि अमेरिकेतला कोरोनात, मोटारीने काही तासांच्या अंतरावर, मध्ये एक सीमा. त्या सीमेची किंमत दुपटीच्या आसपास जाते. नाव मिरवण्यात गैर काही नाही, फक्त आपण कशाचे पैसे देतोय ते ठाऊक असावं. आणि लेस पॉल बघत असाल तर आधी खांद्यावर घेऊन दहा मिनिटं उभं राहा. ती चार-साडेचार किलोची असू शकते, स्ट्रॅट साधारण साडेतीनची.

घरी आणल्यावर

नोव्हेंबरात घेतलेल्या गिटारबद्दल फेब्रुवारीत तक्रार येते: "दांडीच्या कडेला पडदे टोचतात, दुकानात टोचत नव्हते." मी राहतो त्या मिशिगनमध्ये हे दर वर्षी घडतं. बाहेर उणे दहा सेल्सिअस आणि ८० टक्के आर्द्रता असलेली हवा घरात येऊन २१ अंशांपर्यंत तापली की तिची सापेक्ष आर्द्रता दहा टक्क्यांच्या आसपास उरते. स्वयंपाक, आंघोळी, माणसांचे श्वास यांनी ती थोडी वाढते इतकंच. लाकूड कोरडं पडून रुंदीत आकसतं, धातूचा पडदा आकसत नाही, आणि त्याची टोकं बाहेर डोकावतात. खोलीत ह्युमिडिफायर लावून आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांत ठेवा आणि गिटार हीटरच्या जाळीसमोर उभी करू नका. कोकणातल्या पावसाळ्यात याच्या नेमकं उलटं होतं, लाकूड फुगतं आणि तारेची उंची बदलते.

परत जायचा विचार असेल, किंवा उन्हाळ्यात भाच्यासाठी नेणार असाल, तर गिटारची काळजी नको, तिला भिंतीतल्या विजेशी देणंघेणं नाही. ॲम्पचं तसं नाही. १२० व्होल्टसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मरचा ॲम्प पुण्यात २३० वर लावला तर धूर निघेल. व्होल्टेज उतरवणारा वेगळा ट्रान्सफॉर्मर घेतला तरी वारंवारता ५० हर्ट्झच राहते. वारंवारता कमी म्हणजे ॲम्पमधल्या ट्रान्सफॉर्मरच्या गाभ्यात चुंबकीय क्षेत्र वीस टक्के जास्त, त्यामुळे तो जास्त तापतो. बाहेरून ॲडॉप्टर लावायच्या छोट्या डिजिटल ॲम्पला बहुधा ही अडचण येत नाही, पण घेण्याआधी ॲडॉप्टर उलटा करून त्यावरचं बारीक अक्षर वाचा: १००-२४० व्होल्ट, ५०/६० हर्ट्झ असं लिहिलेलं असायला हवं.